बोडणाला कोण होतं?

आमच्या खोलीच्या दारावर हिंदीत आणि इंग्रजीत चांगली दोन ओळींची पाटी होती. ती कोणी वाचत नसे. बनारसच्या त्या सरकारी रुग्णालयात येणारा माणूस फाटकातच विचारी, "कुत्तावाली सुई कहाँ लगती है?" आणि झाडूवाल्यापासून शल्यविशारदापर्यंत कोणीही त्याला आमच्याकडे पाठवी. ओघानंच मी 'कुत्तावाले डाक्टर साहब' झालो. माझ्या थोरल्या बहिणीला, कुसुमताईला, या पदवीचा फार आनंद होता. "आजोबा घनपाठी, वडील वैयाकरण आणि आमचा विनू कुत्तावाला," अशी ती पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायची.

ताई या वर्षी माघात गेली. मुलींच्या एका कॉलेजात तिनं आयुष्यभर संस्कृत शिकवलं. यजमान लवकर गेले तेव्हा ती ब्रह्मा घाटाच्या आमच्या घरी परत आली. मी लग्न केलं नाही, त्यामुळे पुढची सगळी वर्षं आम्ही दोघं आपापली पुस्तकं घेऊन एका छताखाली राहिलो. दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा, असं मला सांगण्यात आलं तेव्हा ती होती. "लिही, पण स्वतःला शहाणा ठरवू नकोस," म्हणाली. आता ती नाही आणि मी लिहायला बसलो आहे. दिवसाकाठी एक परिच्छेद झाला तरी पुष्कळ वाटतो.

आमचं काम बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल. माणूस येतो, जखम दाखवतो, आम्ही ती धुतो, दंडावर कातडीच्या आत लस टोचतो, पुढच्या तारखा सांगतो. पोटातल्या चौदा सुया कधीच बंद झाल्या, तरी रोज कोणीतरी सदरा वर करून पोट पुढे करतंच. या कामामागे जे आहे ते मात्र भयंकर आहे. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून रेबीजचा विषाणू जखमेत शिरतो आणि नसांच्या वाटेनं मेंदूकडे निघतो. फार सावकाश चालतो. कधी काही आठवडे, कधी महिने, क्वचित वर्षाहूनही जास्त. या काळात माणसाला काही म्हणजे काही होत नाही. तो जेवतो, झोपतो, कामावर जातो. तो विषाणू अंगात आहे की नाही, हे तेव्हा सांगू शकेल अशी तपासणी नाही. आणि तो मेंदूत पोचला, लक्षणं दिसू लागली, की मग औषध नाही. म्हणजे जे करायचं ते सगळं त्याच्या आधी, डोळ्यांवर पट्टी बांधून धावल्यासारखं करायचं. शर्यत चालू आहे की नाही हेच माहीत नसतं, तरी धावायचं.

लोकांचे आपले उपाय असतात. जखमेत लाल तिखट भरून आलेले, मोहरीचं कडू तेल चोपडलेले, पाठीवर काशाची थाळी चिकटवून घेऊन आलेले असे सगळे मी पाहिले. थाळी चिकटून राहिली तर विष आहे, गळून पडली तर उतरलं. बनारसच्या दमट उन्हाळ्यात ती बराच वेळ चिकटून राही. कुत्रा चावला की सात विहिरींत डोकावून यायचं, असाही एक उपचार आहे. एक सोनार हे करून मग माझ्याकडे आला, पण त्याला शंका होती. शहरात आता उघड्या विहिरी सातसुद्धा उरलेल्या नाहीत. त्यानं चार विहिरी आणि तीन सिमेंटच्या टाक्या पाहिल्या होत्या.

"टंकी से काम चल जाएगा न, डाक्टर साहब?"

"चल जाएगा," मी म्हणालो. "अब आस्तीन ऊपर कीजिए."

संकठा घाटाकडून माकडांचे ओरखडे येत. एक पहिलवान आपल्याला माकडानं बोचकारलं हे शेवटपर्यंत कबूल करेना, कारण आखाड्यात हसले असते. त्यानं 'तारेनं लागलं' असं सांगितलं आणि लस मात्र गुपचूप घेतली. अशांमुळे आमची विचारण्याची एक रीत पडली होती. 'चावलं का' असं आम्ही विचारत नसू. त्याला माणसं 'नाही' म्हणतात आणि ते खरंही असतं. कुत्र्याच्या पिल्लानं नुसतं चाटलेलं असतं, पण चाटलेल्या जागी खरूज असते. आमच्या सरोज सिस्टर विचारायच्या, "मुँह कहाँ-कहाँ लगा?" दात नव्हे, तोंड. तोंड कुठं कुठं लागलं, आणि तिथली कातडी कशी होती. आमचं अर्धं शास्त्र या प्रश्नात आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो.

माझ्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. आमच्या समोरच्या घरातल्या लेल्यांच्या मुलाचं लग्न झालं. सून जबलपूरची, मुग्धा. लग्नानंतर लेल्यांकडे बोडण होतं. आमच्या कोकणस्थांत मंगलकार्य झालं की अन्नपूर्णेचं बोडण भरतात. परातीत देवीची लहानशी मूर्ती ठेवायची. भोवती सवाष्णी आणि एक कुमारिका बसतात. दूध, दही, तूप, मध, पुरणपोळी असं सगळं मूर्तीवर घालून हातांनी कालवतात. कुमारिकेला मधून मधून विचारायचं, "देवीला काय हवं?" ती 'दूध' म्हणाली की आणखी दूध, 'मध' म्हणाली की मध. पुरुषांनी तिथं फिरकायचं नसतं. त्यामुळे हे सगळं मी ऐकूनच सांगतो आहे. दूध मात्र तापवलेलं नसतं, एवढं मला माहीत होतं.

ते दूध चंपाचं होतं. चंपा ही गल्लीतल्या रामधनी ग्वाल्याची गाय. आमच्या गल्लीत समोरून ती आली की डॉक्टर असो की पंडित, भिंतीला पाठ लावून तिला वाट द्यायचा. बोडणानंतर दोन-तीन दिवसांत चंपा मेली. तिचं खाणं सुटलं होतं, तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, घसा बसल्यासारखी सारखी हंबरत होती. पोटात पन्नी, म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी, अडकली, असं सगळे म्हणाले. बनारसची गाय मेली की पन्नीनंच मेली असं म्हणायची पद्धत आहे, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. महापालिकेची गाडी येऊन तिला घेऊन गेली. मी त्या आठवड्यात एका प्रशिक्षणासाठी लखनौला होतो.

परत आलो त्यानंतर काही दिवसांनी रामधनी आमच्या खोलीत आला. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला.

"डाक्टर साहब, एक बात छूट गई थी. चंपा को महीना-डेढ़ महीना पहले कुत्ता नोच लिया था. पिछले पैर में."

"कौन सा कुत्ता?"

"ऊ तो फिर दिखा ही नहीं."

मी त्याला तिथंच बसवलं आणि पहिली लस त्याला टोचली. चंपाला रेबीज होता का? हे खात्रीनं सांगायला तिचा मेंदू तपासावा लागला असता. गाईचं डोकं कापून प्रयोगशाळेत पाठवा, हे वाक्य बनारसच्या गल्लीत उच्चारायचं धैर्य माझ्यात होतं की नाही, कुणास ठाऊक. तशी वेळ आली नाही, कारण गाय केव्हाच मातीत गेली होती. हंबरणं, लाळ, न गिळणं, महिन्यापूर्वीचा कुत्रा. आता हे गृहीत धरूनच चालायचं होतं.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. कच्चं दूध, आणि तेही हातांनी कालवलेलं. घराघरांतून एकच प्रश्न: बोडणाला कोण होतं? मीही घरी येऊन ताईला तेच विचारलं. "लेल्यांच्या बोडणाला कोण कोण होतं गं?"

ती वाचत होती. मान वर न करता म्हणाली, "मला काय विचारतोस? मी नव्हते."

खरंच होतं. विधवा बाई बोडणाला बसत नाही. मी पुढं काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी आमच्या खोलीत आल्या. लेलेवहिनी, त्यांची जाऊ, शेजारच्या दोघी, नवी सून मुग्धा, आणि कुमारिका म्हणून बसलेली लेल्यांची नात. तिनं बोटं चाटली होती आणि वाटेतच तिला तीन जणींनी तीन धपाटे घातले होते. लेलेवहिनी माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, खरं सांगा. देवीच्या कार्यात असं व्हायचं असतं का?"

"दुधातून हा रोग झाल्याचं मी पाहिलेलं नाही, वहिनी. पण हातांना चिरा असतात, म्हणून सगळ्यांना लस देतो. पोरीला रागावू नका."

मी समजावत होतो ते खरं होतं. दुधाची भीती मोठी होती, धोका लहान होता. तिकडं सरोज सिस्टर मुग्धाला विचारत होत्या, कारण त्यांना काही केल्या बोडण म्हणजे काय ते कळेना. मुग्धा हिंदीत समजावत होती. मूर्ती, परात, दूध, पुरण.

"इतना सब खाया किसने?" सरोज सिस्टरांनी विचारलं.

"खाते नहीं हैं, सिस्टर. वो सब गाय को देते हैं."

"इसी गाय को?"

"हाँ. हम लोगों के हाथ सने हुए थे, तो कुसुम बुआ नीचे ले गईं. उन्होंने ही खिलाया."

मी केसपेपर लिहीत होतो. लेलेवहिनी हळूच म्हणाल्या, "त्या बसत नाहीत ना, म्हणून मीच म्हटलं, ताई, निदान एवढं पुण्य तुम्ही घ्या."

सरोज सिस्टरांना खोली सांभाळायला सांगून मी निघालो. भैरोनाथच्या बाजूनं ब्रह्मा घाटाकडे उतरणाऱ्या गल्ल्या मी जन्मापासून चालतो आहे, पण त्या दिवशी एका वळणावर मी चुकलो आणि कुणाच्या तरी अंगणात जाऊन उभा राहिलो.

ताई गच्चीत उन्हाला बसली होती. मला भर दुपारी पाहून तिनं पुस्तक मिटलं.

"बोडण गाईला तू घातलंस?"

"हो."

"खाल्लं तिनं?"

"नाही. तोंड उघडं टाकून नुसती लाळ गाळत होती. मला वाटलं, घशात पन्नी अडकली आहे. हात घालून पाहिलं."

"किती आत?"

"मनगटापर्यंत. काही लागलं नाही हाताला."

"तोंड कुठं कुठं लागलं?" मी रोजचा प्रश्न विचारला.

तिनं उजवा हात पुढे केला. तर्जनीच्या पेरावर दाढेची धार लागून गेल्याची खूण होती. जखम भरत आली होती. आम्ही रोज समोरासमोर जेवत होतो, आणि तो हात मी पाहिला नव्हता.

"कळल्यावर तरी सांगायचं नाही?"

"काल गल्लीत बोलणं ऐकलं तेव्हा कळलं." ती नेहमीच्याच आवाजात बोलत होती. "म्हटलं, आता दहा-बारा दिवस होऊन गेले. उशीर झालेला असणार. उशीर झालाच असेल तर तुला सांगून काय करायचं? तू विचारलंस बोडणाला कोण होतं. मी नव्हते. खोटं बोलले नाही."

"ताई, उशीर म्हणजे लक्षणं. त्याच्या आधी कधीच उशीर नसतो. हे मी रोज दहा माणसांना सांगतो."

"मला कधी सांगितलं होतंस?"

मी तिला चप्पल घालायला लावली. जिना उतरताना म्हणाली, "हात मात्र लगेच धुतला होता हं. आधी मातीनं, मग साबणानं. वर स्नानही केलं."

"एवढं?"

"गाय सगळी पवित्र, तोंड सोडून. तोंड अशुद्धच मानलंय. आमच्या मुली परीक्षेत हे हमखास चुकवायच्या."

त्या काळोख्या जिन्यात मला पहिल्यांदा थोडा श्वास घेता आला. साबण आणि वाहतं पाणी, तेही ताबडतोब, हे आमचं पहिलं आणि सगळ्यात स्वस्त औषध आहे. जखमेतला पुष्कळ विषाणू तिथंच धुऊन जातो. पुष्कळ. सगळा जातो असं कुणी म्हणत नाही.

दात लागून कातडी फाटली असेल तर नुसती लस पुरत नाही. लशीला अंगात ताकद तयार करायला दिवस लागतात, म्हणून तयार ताकद बाहेरून द्यावी लागते. तिला सीरम म्हणतात. ते जखमेतच, जखमेच्या आजूबाजूला टोचायचं. आमच्याकडे तेव्हा घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं सीरम होतं. आधी दंडावर थेंबभर टोचून अंगाला मानवतं का ते पाहतात. त्या वेळात ताईनं कुपीवरची बारीक अक्षरं चष्मा वर करून वाचली.

"घोड्याचं?"

"तुला चालणार नसेल तरी द्यावं लागेल."

"घोड्याचं तोंड शुद्ध मानलंय," ती म्हणाली. "रक्ताचं कुठं वाचलेलं आठवत नाही. दे."

बोटाच्या पेरात जागा फार थोडी असते. सुई शिरते तेव्हा औषधाला पसरायला वाव नसतो आणि कळ थेट डोक्यात जाते. पहिलवान ओरडतात. मी सुई हातात घेतली आणि सरोज सिस्टरांनी ती माझ्याकडून काढून घेतली. ताईनं भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत सगळं सोसलं आणि शेवटी म्हणाली, "सिस्टर, इस पोस्टर में 'टीकाकरण' ग़लत लिखा है." तिच्या वरच्या ओठावर घाम होता.

लशीचे हप्ते पार पडले. शेवटची सुई झाल्यावर तिनं मला विचारलं, "आता नक्की?"

"आता काही होणार नाही."

"हे तू सगळ्यांना म्हणतोस."

"आणि कुणालाच काही होत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. खोटं शोधणाऱ्या शिक्षिकेची ती नजर होती. "आणि झालंच तर काय होतं? मला नीट सांग. मला अर्धवट माहिती आवडत नाही."

मी तिला पुस्तकातलं सांगितलं. घसा आवळतो, पाणी गिळवत नाही, वाऱ्याची झुळूकसुद्धा सहन होत नाही, शुद्ध मात्र शाबूत असते. ती मान हलवत राहिली. मुकेशबद्दल मी बोललो नाही, ते इथं लिहितो.

मुकेश हा नावाड्याचा मुलगा, विशी-बाविशीचा. तो रुग्णालयात येण्याच्या दोन महिने आधी घाटावरच्या एका पिल्लाचा दात त्याच्या पोटरीला लागला होता. पिल्लू एवढंसं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. माझ्याकडे आला तेव्हा चालत आला. हसून नमस्कार केला. म्हणाला, "प्यास लगी है, पर पिया नहीं जा रहा." मी पेला मागवला. त्यानं तो धरला, ओठांजवळ नेला, आणि पाणी ओठाला लागायच्या आधीच त्याची मान मागे ओढली गेली. गळ्याच्या शिरा दोरासारख्या वर आल्या. पेला पडला. धाप ओसरल्यावर त्यानं मला विचारलं, "ये क्या हो रहा है?" मग म्हणाला, "पंखा बंद करवा दीजिए." वर छताचा पंखा अगदी मंद फिरत होता. त्याचा बाप कोपऱ्यात उभा होता. तो मला पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "साहब, ई तो नाव पर जनमा है. पानी से कैसे डरेगा?" माझ्याकडे वेदना कमी करण्याची औषधं होती, अंधारी खोली होती. दुसरं काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो गेला. तोवर शुद्धीवर आला की तो बापाला ओळखायचा आणि पाणी मागायचा.

हे ज्यानं पाहिलं आहे त्यानं आपल्या माणसाची वाट कशी पाहावी? मी ताईच्या पाण्यावर नजर ठेवू लागलो. सकाळचा चहा, जेवणातलं ताक, गोळ्यांबरोबरचा घोट. तिचा घसा वरखाली झाला की मी वर्तमानपत्राकडे वळायचो. लस बहुतेक कधीच हरत नाही, सीरम दिलेलं होतं, हात धुतला होता. पण उशीर झाला होता, आणि बोटात नसा फार दाट असतात. या दोन बाजू मी मनातल्या मनात एकमेकींसमोर मांडत बसायचो. निवृत्त झालो तसा त्याला वेळही भरपूर मिळू लागला.

एका सकाळी ती पोहे खाता खाता सहज म्हणाली, "विनू, या बोटात मुंग्या येतायत."

चावलेल्या जागी मुंग्या, बधिरपणा, खाज. आमच्या पुस्तकात पहिलं लक्षण हेच असतं. मी "हं" म्हणालो, ताट घेऊन मोरीवर गेलो आणि नळ सोडून तिथंच उभा राहिलो. ताट केव्हाच स्वच्छ झालं होतं.

मागून ती म्हणाली, "मला माहीत आहे याचा अर्थ काय. तूच सांगितलंयस." मग थोड्या वेळानं, "झालंच तर मला बांधू नका. आणि लेल्यांच्या घरी कळू देऊ नकोस. बिचारीनं पुण्य म्हणून दिलं होतं."

चार दिवस आम्ही असे काढले. ती पुस्तकं आवरत होती, कुठली कॉलेजला द्यायची, कुठली ठेवायची. मी तिच्यामागून या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो. पाचव्या दिवशी नसांचे डॉक्टर असलेल्या एका मित्राकडे तिला नेलं. त्यानं मनगटावर टिचक्या मारल्या, बोटं वाकवून पाहिली, आणि म्हणाला, "ताई, किती वर्षं लिहिताय? मनगटाची नस दबली आहे. पट्टी बांधा."

रिक्षात बसल्यावर ती खूप वेळ हसली. "व्याकरणानं दुखावलं, गाईनं नाही," म्हणाली. मी हसलो नाही. मला हसायला जमेना.

ती त्यानंतर तीन हिवाळे जगली. पहिलं वर्ष सरलं तेव्हा मी सुटलो असं वाटलं. पण या रोगाच्या पुस्तकात 'क्वचित' असा एक शब्द येतो. क्वचित वर्षानंतर, क्वचित त्याहूनही उशिरा. आयुष्यभर तो शब्द मी रोग्यांना वाचूही दिला नाही, आणि स्वतः मात्र त्यालाच धरून बसलो. लेल्यांकडे पुढं मुग्धाला मुलगी झाली. त्या बोडणाला दूध पिशवीतलं आणलं आणि गाईला कोणी काही घातलं नाही. गोळे करून नदीत सोडले, असं ऐकलं. ताईला त्या वेळी कोणी काही काम सांगितलं नाही. सांगावं असं तिला वाटत होतं की नाही, मला कळलं नाही.

या माघात तिला ताप आला. खोकला, धाप. घरीच ऑक्सिजनची सोय केली. माझ्या जागी आलेले तरुण डॉक्टर रोज येऊन पाहून जात. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिला चमच्यानं पाणी पाजायला गेलो, तर तिनं तोंड फिरवलं. पुन्हा चमचा नेला, तिनं हातानं तो बाजूला सारला. पाणी उशीवर सांडलं.

माणूस शेवटाला आला की त्याची तहान जाते. हे मला माहीत होतं, शेकडो वेळा पाहिलं होतं. तरी मला मुकेशच्या हातून पडलेला पेला आठवला. आणि मग मी जे केलं ते कुणाला सांगितलेलं नाही. मी उठलो आणि भर थंडीत छताचा पंखा सुरू केला.

पाती फिरू लागली. वारा खाली आला. मी तिच्या गळ्याकडे पाहत उभा राहिलो.

तिनं डोळे उघडले. "बंद कर तो."

"का?" एवढंच मी विचारलं.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी का उभा आहे, पंखा का लावला आहे, ते तिला कळलं. धाप लागत असताना ती थांबत थांबत म्हणाली, "थंडी वाजते रे, विनू. नुसती थंडी."

मी पंखा बंद केला. रजई ओढून दिली. थोड्या वेळानं तिनं आपण होऊन पाणी मागितलं आणि दोन चमचे घेतले.

दुसऱ्या दिवशी ती गेली. ते तरुण डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांत उजेड पाडून पाहिला. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "सर, न्यूमोनिया ही था. और कुछ नहीं."

मी त्यांचे दोन्ही हात धरून आभार मानले. त्यांना वाटलं असेल, उपचारांबद्दल मानतो आहे.